मदत हवी आहे: कमाटीबागेत आजी-नातीचा फेरफटका

मंडळी, बडोद्यात गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि पाच वर्षांच्या नातीला संध्याकाळी एकत्र फिरवायचंय. चाल आजीची, बोलताना दम लागू नये इतकीच. दर सात-आठ मिनिटांनी बाक. काठीची मूठ, हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेत. एवढं जमतं.

बिघडतं ते वेगामुळे: नात पळते, आई तिच्यामागे, आजी एकटी मागे राहते आणि गप्पाच तुटतात. म्हणून आजी पुढे, आणि नातीने वाटेत तीन छान गोष्टी हेरून जेवताना सांगायच्या. पण चौथ्या दिवसापासून तीच उत्तरं येतात. दुसरा कुठला खेळ सुचवाल? आणि १८७९ सालची ही बाग केवढी मोठी! फुलांच्या घड्याळापासून पायऱ्या नसलेली, सावलीत बाक असलेली वीस मिनिटांची वाट कोणती?