खडू-फळा खरंच भंगारात काढायचा का?

खडूवाला
परवा इथे एका सभासदाने लिहिलं, "खडू-फळा भंगारात काढा. वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड आणि मुलाच्या हातात टॅब दिल्याशिवाय मराठी शाळा तरत नाहीत." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. आमच्या गावच्या शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला बोर्ड आहे. त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलंय, ते १५ ऑगस्टला निघतं. मध्यंतरी बिल थकलं म्हणून वीजच कापली होती. आणि वीज असली तरी काय? फळ्यावर वजाबाकी करताना बाई थांबतात, वळून विचारतात, "हातचा कुणाकडून घेतला रे?" व्हिडिओ कुणासाठी थांबत नाही. पोरं म्हणतात, "झालं, पुढचा लावा."

पालक_कोथरूड
कव्हर शिवणाऱ्याचा दोष बोर्डाच्या माथी कशाला? परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले, पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांत आले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज माढा तालुक्यात गेला. तिथेही लोडशेडिंग होतंच की.

झेडपीची_बाई
एका गुरुजींचं नाव घेऊन बाकीच्यांना किती वर्षं झोडपणार? तंत्रज्ञान आमच्याकडे भरपूर आहे हो. हजेरी ऑनलाइन, पोषण आहार ऑनलाइन, यू-डायस म्हणजे शाळेची सगळी आकडेवारी, तीही ऑनलाइन. रेंज मिळते पाण्याच्या टाकीजवळ. मी तिथे उभी, वर्ग सांभाळते चौथीतली मॉनिटर.

अंकलिपी
सगळे प्रयोग मुलांवरच. २०१९ ला दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'चं 'साठ तीन' केलं तेव्हाच समजलं, ही मंडळी भाषा बुडवणार.

सोलापूरकर
उगाच काहीही. त्या पुस्तकात दोन्ही पद्धती होत्या. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांचा मुद्दा साधा होता: तोंडाने आधी तीन म्हणायचं आणि हाताने आधी सहा लिहायचा, पोर गोंधळणारच. आमच्या गल्लीतली कन्नड पोरं 'अरवत्तमूरु' म्हणतात, आधी साठ, मग तीन. त्यांची भाषा बुडाली का?

अंकलिपी
कन्नडचं कन्नडपाशी. आम्ही पावकी-निमकी पाठ केली, कुणी मेलं नाही.

सोलापूरकर
मेलं नाही, पण मी तिसरीत ६३ च्या जागी ३६ लिहून छड्या खाल्ल्यात. ३६ छड्या नव्हत्या, एवढंच नशीब.

पालक_कोथरूड
माझा मुलगा इंग्रजी माध्यमात. वाणी म्हणाला "एकोणऐंशी रुपये", तर हा माझ्याकडे बघतो. मी "सेव्हन्टी नाइन" म्हटल्यावर पैसे काढले.

अंकलिपी
आणि हे गृहस्थ आपल्याला मराठी शाळा कशी वाचवायची ते सांगणार! आधी स्वतःचं पोर घाला.

पालक_कोथरूड
वैयक्तिक होऊ नका. घरापासून चालत जाता येईल अशी मराठी शाळा दाखवा, उद्या दाखला काढतो.

खडूवाला
मंडळी, धागा फळ्याचा आहे, पाढ्यांचा नाही. बरं, एक कबूल करतो. ग्रहणाचा व्हिडिओ नातवाने पाहिला आणि मला चेंडू-बॅटरी घेऊन जे चार दिवस जमलं नाही ते त्याला चार मिनिटांत कळलं. खूश?

पालक_कोथरूड
उपकार झाले.

झेडपीची_बाई
इथे वाचत होते तेवढ्यात ग्रुपवर आदेश आला: स्मार्ट बोर्ड वापरताना मुलांचे फोटो उद्या दहाच्या आत अपलोड करावेत. आमच्याही बोर्डाला कव्हर आहे. काढून ठेवते.