सासरे अचानक बरळायला लागलेत, हा डिमेन्शिया असतो का?

कराडची_सून
सासऱ्यांबद्दल (आण्णा, वय 78) विचारायचंय, जरा मोठं लिहितेय. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत पण डोकं तल्लख, परवापरवापर्यंत पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, दुधाचा हिशोब पण तेच ठेवायचे. मंगळवारपासून काय झालंय कळत नाही, दिवे लागले की मुलाला ओळखत नाहीत, स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा" म्हणतात, रात्रभर चादरीचे धागे ओढत बसतात आणि कपाटाशी ती बाई कोण उभी आहे विचारतात. दिवसा नुसती झापड, अर्धी भाकरी पण जात नाही. जाऊबाई म्हणतात वय झालं, चालायचंच. दीर म्हणतात डिमेन्शिया आहे, झोपेची गोळी द्या. मला पटत नाहीये. एवढ्या झटकन होतो का? मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं की मानसोपचारवाल्यांकडे?

मेडिसिन_वॉर्ड
ताई, आधी आजच फिजिशियनकडे न्या, कोणी भेटलं नाही तर सरळ कॅज्युअल्टीला, गाडी नसेल तर 108 ला फोन करा. मी नर्स आहे, असे आजोबा वॉर्डात कायम येतात. दोन-चार दिवसात असं झालं की ते बहुतेक डिलिरियम (शरीरातल्या बिघाडामुळे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ) असतं, डिमेन्शिया महिनोन् महिने हळूहळू चढतो. कारण शरीरात कुठेतरी असतं. लघवीचं इन्फेक्शन (म्हाताऱ्या माणसांना जळजळ, ताप काहीच नसू शकतं), सोडियम उतरणं, शुगर खाली जाणं, न्यूमोनिया, लघवी तुंबणं. मधे कधी पडले होते का? डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त काही आठवड्यांनी पण त्रास देतं, तेव्हा साधं घसरणं झालं असेल तरी सांगा. सगळ्या गोळ्यांची पिशवीच सोबत न्या, सर्दीची आणलेली पट्टी असेल तर ती पण. आणि झोपेची गोळी मनाने अजिबात देऊ नका, गोंधळ आणखी वाढतो.

निशिगंध
वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. जाऊबाईंना सांगा, 2023 ला आलेल्या देशभराच्या पाहणीत साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना नाहीये, मग नुसतं वय हे कारण कसं होईल? माझ्या आईच्या बाबतीत पण सगळ्यांनी अल्झायमर ठरवून टाकलेलं. बाबा गेल्यावर भजनी मंडळ सोडलं, पहाटे चारला जागी, काही विचारलं की "मला नाही आठवत" एवढंच. निघालं डिप्रेशन, शिवाय बी12 कमी. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी12 उतरू शकतं, आण्णांचं पण बघून घ्या. आई औषधांनी सुधारली, आता परत टाळ घेऊन जाते.

आणि ॲडमिट केलंत तर चष्मा, कवळी, कानाचं मशीन घरी ठेवू नका, रात्री घरातलं ओळखीचं माणूस जवळ हवं. "हेच तुमचं घर" म्हणून वाद घालू नका, जेवूया, मग बघू म्हणायचं.

कराडची_सून
खूप आभार दोघींचे. काल ॲडमिट केलं, सोडियम 118 आलं!! बीपीच्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध होतं, त्यात जेवण तुटलेलं. डॉक्टर सोडियम हळूहळू वाढवतायत, एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते म्हणाले. आज सकाळी नातवाला नावाने हाक मारली. आता स्मरणशक्तीची टेस्ट लगेच करून घेऊ का?

मेडिसिन_वॉर्ड
लगेच नको, आत्ता मार्क कमीच येतील आणि उगाच शिक्का बसेल. पूर्ण ताळ्यावर यायला काही आठवडे पण लागतात. तीनेक महिन्यांनी मात्र नक्की करा, कारण डिलिरियम होऊन गेलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त असतो. ती गोळी डॉक्टरांनी बदलली असेल तर घरातली जुनी पाकिटं बाजूला काढा, सवयीने परत घेतली जाते. आणि तुम्हाला जागरणाचा ताण असह्य झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर बोला, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.