बुलेटची वाल (व्हॉल्व्ह) स्प्रिंग तुटलीय, हेड न उतरवता घरी बदलता येईल का?

सातारचा_किकमास्टर
मंडळी, गाडी १९९६ ची बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन. महिनाभर झालं, साठच्या पुढे गेली की मिस मारते आणि वरून किटकिट आवाज. प्लग बदलला, पॉइंट घासला, कार्ब्युरेटर दोनदा उघडला (दुसऱ्यांदा उगाच). काल एक्झॉस्टच्या रॉकरचं (वाल दाबणाऱ्या दांडीचं) झाकण काढलं तर बाहेरची स्प्रिंग खालच्या अंगाला मोडलेली, आतली शाबूत आहे म्हणून गाडी चालतेय बहुतेक. मिस्त्री म्हणतात हेड उतरवावंच लागेल, पण हेडपाशी गळणारं ऑइल आत्ता कुठे थांबलंय, मला तिथे हात लावायचा नाहीये. वरूनच बदलली तर वाल आत पडेल का? आणि तुटलेली तेवढी एकच घातली तर चालेल ना?

गोटीपाना
पहिलं म्हणजे किक मारणं बंद कर भावा. आतली स्प्रिंग एकटी सगळा भार घेतेय, ती पण गेली तर वाल पिस्टनवर आदळणार, मग हेड काय, बोअरचं पण काम निघेल.
वरून होतं, मी केलंय. प्लग काढ, गाडी चौथ्या गिअरला टाकून मागचं चाक हाताने हळू फिरव, पिस्टन वर यायच्या थोडं आधी थांब आणि प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोड, साधारण ६ मिमीची, टोक जाळून गुळगुळीत केलेलं. सुती नाडा घालू नको, धागे आत राहतात. दुसरं टोक बाहेर राहू दे. दोन्ही रॉकर काढ आणि मग चाक फिरवून पिस्टन दोरीवर दाबून बसव, वाल खालून टेकला जातो, हलत नाही. रॉकर ब्लॉकच्या वरच्या-खालच्या अर्ध्या भागांची जोडी असते, त्यांची अदलाबदल करायची नाही. आणि वालच्या टोकावर बारकी टोपी असते ती आधी डबीत टाक. माझी मोरीत गेली होती.

चिंचवड_स्पॅनर
दोरी कशाला, पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची, पाच मिनिटांचं काम

गोटीपाना
आणि मधेच लाइट गेली की? दोरीला लाइट लागत नाही.

आबा_वर्कशॉप
दोरी बरी. पण कॉटर (वरचा वॉशर वालच्या दांडीला अडकवणाऱ्या दोन बारक्या अर्ध्या पाचरी) वर्षानुवर्षं बसून चिकटलेले असतात, नुसतं दाबून सुटत नाहीत. वरच्या वॉशरवर पान्याची गोटी ठेवून हातोडीची एक बारीक टिचकी द्यायची, मग स्प्रिंग कॉम्प्रेसर लावायचा (हवेचा नव्हे, स्प्रिंग दाबायचं हत्यार). विकतचा कॉम्प्रेसर त्या खोबणीत नीट बसत नाही, मी जाड लोखंडी पट्टीला खिडकी पाडून तरफ केली, रॉकर ब्लॉकच्या आट्यांचाच आधार घेऊन. बसवताना कॉटरला ग्रीस लावा, जागेवर चिकटून राहतात.
स्प्रिंगा चारही बदला, इनलेटच्या पण. नवी आणि जुनी शेजारी उभी करा, जुनी बुटकी दिसेल.
आणि स्प्रिंगा निघाल्या की वाल धरून बाजूला हलवून बघा. खुळखुळ वाटला तर गाइड (वालची दांडी ज्यात सरकते ती नळी) गेलाय, मग हेड उतरवायचंच, तिथे हट्ट करू नका. शेवटी टॅपेट थंड इंजिनवर सेट करा, पुशरॉड (खालून रॉकर ढकलणारी दांडी) दोन बोटांत फिरला पाहिजे पण वरखाली खेळ नको.
पुशरॉडची भोकं चिंधीने बुजवायला विसरू नका, तिथून काही पडलं की थेट खाली टायमिंग गिअरच्या बाजूला.

सातारचा_किकमास्टर
आबा, चिंधीचं आधी सांगायला हवं होतं 😅 तुटलेले तुकडे नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून वेढे मोजले तर नखाएवढा तुकडा कमी. तास गेला शोधण्यात. टॅपेटचं झाकण काढून पेनवालं चुंबक फिरवलं तेव्हा एक्झॉस्टच्या पुशरॉडच्या बुडाशी काळ्या ऑइलात सापडला. गाइड ठीक वाटला. दोरी आईच्या कपड्याच्या दांडीची होती, ती आता नवी आणून द्यायचीय. बाकी काल लिंब फाट्यापर्यंत जाऊन आलो, सत्तरला मिस नाही, किटकिट नाही. हेडपाशी ऑइलचा थेंब नाही.

चिंचवड_स्पॅनर
पट्टीचा फोटो टाका आबा