उन्हाळ्यात घर थंड ठेवताना: आपल्या सवयी आणि वीजबिल

कोणतं यंत्र घ्यावं हे बाजूला ठेवू. वापरताना काय करावं आणि कुठे चुकतं, तेवढंच नेमकं लिहा.

नागपूर, कूलर दुरुस्ती
कूलर लावून खोली बंद करू नका. आत आलेल्या हवेला बाहेरची वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते, चादर अंगाला चिकटते. समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. कूलर खोलीत ठेवला की तीच ओली हवा फिरत राहते, म्हणून तो खिडकीबाहेरच बसवा. आधी दहा मिनिटं नुसता पंप चालवा, ताट्या (कूलरच्या बाजूचे गवताचे पॅड) भिजल्या की पंखा. ताटीवर कोरडा पट्टा दिसला तर वरच्या नळीची भोकं क्षारांनी बुजलेली असतात, दाभणाने मोकळी करा. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा. नुसती भर घातली तर क्षार साचत जातात, शिवाय डासांच्या अळ्या होतात. आणि कळकळीने सांगतो, प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालू नका. पाऊस सुरू झाला की पंप बंद.

पुणे, एसी सर्व्हिसिंग
जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीचं मूळ सेटिंग २४ अंश आहे. लोक ते पहिल्याच दिवशी १८ करतात! एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. २६ वर ठेवा, छताचा पंखा मंद फिरू द्या. दर पंधरवड्याला एसीची जाळी (फिल्टर) नळाखाली धुऊन सावलीत वाळवा. ती तुंबली की हवा कमी पडते, कॉइलवर (आतल्या थंड नळ्यांवर) बर्फ धरतो आणि भिंतीवरून पाणी ओघळतं. गॅस संपला असं समजून लोक पैसे घालवतात.

अकोला, वरचा मजला
ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग नाही. चटई किंवा हिरवी जाळी काचेच्या बाहेर बांधा. सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद, बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की सताड उघड्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडतो, तेव्हा बंद घर म्हणजे भट्टीच. गच्चीला मार्चमध्येच चुन्याचे दोन हात द्या.

नाशिक, वायरमन
पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) साधारण ३०. रोज १५ तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे साधारण २० युनिट वाचतात.

नागपूर, कूलर दुरुस्ती
एक राहिलं: एसी आणि कूलर एकाच खोलीत एकदम लावू नका. कूलरने सोडलेली वाफ काढण्यातच एसीची वीज जाते.