मदत हवी आहे : दात पांढरे करून घेतल्यावर कळा येतायत, घरचा ट्रे कधी सुरू करू?

मांजराकाठ : काल लातूरला क्लिनिकमध्ये दात पांढरे करून घेतले. ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल, १५-१५ मिनिटं तीनदा. रात्रीपासून वरच्या समोरच्या दातांत काही न खाता-पिताही सळक येते नि दोन-तीन सेकंदांत जाते. फ्रिजचं सोडा, माठाचं पाणीही लागतं. खालच्या हिरडीची कड पांढरी पडलीय. घरी लावायला ट्रे (दातांवर बसणारा साचा) आणि १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड जेलच्या सिरिंजा दिल्यात. आजपासून लावू का? लवंगेचं तेल चालेल का? आणि बोअरच्या पाण्यानं आलेले जुने पांढरे ठिपके आता जास्तच उठून दिसतायत, ते कशामुळं?

पैठणकर : आज जेल अजिबात नको. कळा पूर्ण थांबून दोन दिवस जाऊ द्या.

पेरॉक्साइड इनॅमल (दाताचं वरचं कठीण कवच) आणि डेंटिन (त्याखालचा थर) ओलांडून काही मिनिटांतच नसेपर्यंत पोचतं. तिथं तात्पुरता दाह होतो, त्याचीच ही सळक. समोरचे दात पातळ, म्हणून तेच आधी बोंबलतात. बहुतेकांचं एक ते तीन दिवसांत ओसरतं.

ट्रे मात्र कामाचा आहे. त्यात ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट पातळ पसरा, १० ते ३० मिनिटं ठेवा, हिरडीवर आलेली पुसून काढा. हिरडी चुरचुरली तर लगेच काढा. एरवी याच पेस्टनं मऊ ब्रश करा आणि नुसतं थुंका, चूळ भरू नका. चूळ भरली की औषध गेलं मोरीत. पेस्टचा पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे लागतात, त्यामुळं पुढच्या वेळी आधीपासूनच सुरू करा.

लवंगेचं तेल नकोच. धडधाकट इनॅमलमधून ते नसेपर्यंत जात नाही, उलट भाजलेली हिरडी आणखी भाजते. ती पांढरी कड जेल लागल्याची आहे, एक-दोन दिवसांत जाते. तोवर ठेचा, कैरी, चिंच, लिंबू-सोडा बंद. मिश्री तर कायमचीच बंद करा. ती दात घासून झिजवते, वर तंबाखू पोटात जातो.

ठिपक्यांचं म्हणाल तर दात कोरडे पडलेत म्हणून ते उठून दिसतायत. लाळेनं ओल परतली की आठ-पंधरा दिवसांत फिके होतील. रंग कसा आला तेही तेव्हाच ठरवा.

बालाघाट : ठिपके असले म्हणून फ्लोराइडची पेस्ट सोडू नका. आपल्याकडं बऱ्याच गावांत हा गैरसमज आहे. हे डाग पाण्यातल्या जादा फ्लोराइडनं, पण दात घडत असताना, साधारण आठ वर्षांच्या आत पडतात. मोठेपणी पेस्ट वापरून वाढत नाहीत. पांढरं करण्याच्या जेलनं ते जात नाहीत, त्याला डॉक्टरांकडून मायक्रोॲब्रेजन (वरचा पातळ थर घासून काढणं) किंवा रेझिन इन्फिल्ट्रेशन (डागात पातळ रेझिन मुरवणं) करावं लागतं.

जेल पुन्हा सुरू कराल तेव्हा डॉक्टरांना विचारून १६ ऐवजी १० टक्क्यांचं घ्या. रात्रभर ठेवण्याऐवजी तासभर, तेही एक-दोन दिवसांआड. दर दातामागं तांदळाएवढा थेंब पुरे. ट्रेची कड हिरडीवर चढत असेल तर क्लिनिकमधून कापून घ्या.

मांजराकाठ : वरच्या कळा कमी झाल्यात. पण खालचा एक दात गरम चहानंही दुखतो आणि मिनिटभर थांबत नाही. त्यात जुनं सिमेंट भरलेलं आहे.

पैठणकर : मग तो दात वेगळा धरा. जेलची कळ आपोआप किंवा गार लागून येते आणि लगेच जाते. गरमानं दुखणं, अर्धा मिनिट उलटूनही न थांबणं, चावताना कळ, रात्री ठणक्यानं झोपमोड, ही नस खोलवर दुखावल्याची लक्षणं. सिमेंटच्या कडेला फट असली की जेल थेट आत उतरतं. त्या दाताचा एक्स-रे काढा आणि फट निघाली तर आधी ती बंद करून घ्या. तोवर कुठल्याच दाताला जेल लावू नका. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. गाल सुजला किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी जवळच्या दातांच्या डॉक्टरकडं जा.