उ: जुन्या पान्यावरचा १/२ आकडा

तुमच्या जुन्या पान्याचा जबडा जवळपास २३ मिमी भरतो आणि वर १/२ (म्हणजे अर्धा इंच) कोरलंय, म्हणून पाना झिजलाय किंवा आकडा चुकलाय, हे आधीच्या उत्तरातलं म्हणणं मला पटत नाही. हा व्हिटवर्थ पाना असणार. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने मांडलेल्या त्या पद्धतीत आकडा बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो, जबड्याचं माप नव्हे. अर्धा इंची बोल्टचा नट समोरासमोरच्या सपाट बाजूंत ०.९२ इंच, म्हणजे साधारण २३.४ मिमी. आकड्याशेजारी डब्ल्यू किंवा बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) दिसतंय का ते बघा.

आणि अक्षरं वाचण्यासाठी पाना साफ करताना कृपा करून ग्राइंडर लावू नका! उथळ अक्षरं कायमची जातात. रॉकेलमध्ये भिजवा, पितळी ब्रशने हलकं घासा, कोरडं झाल्यावर वरून खडू चोळा, म्हणजे अक्षरं उठून दिसतील. ओतीव पान्यांवरचा उठावदार लांब क्रमांक मात्र बहुधा मापाचा नसून, पाना ज्या अवजारासोबत आला त्याच्या सुट्या भागाचा असतो.