मदत हवी आहे: जुन्या फियाटला कुठली बॅटरी टाकू?
नमस्कार मंडळी, आमच्याकडे बाबांची 1968 ची फियाट अकराशे आहे, अजून ओरिजिनल डायनॅमोवरच (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर) चालते. गाडी पंधरा दिवसातून एकदा निघते, तीही पार रंकाळ्यापर्यंत जाऊन परत, त्यामुळे बॅटरी काही धड चार्ज होत नाही, डायनॅमो तर आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही. काल मीटर लावला तर 12.1 व्होल्ट, फुल चार्ज असती तर 12.6 च्या आसपास दाखवायला पाहिजे ना. पॉझिटिव्ह टर्मिनलवर हिरवट पांढरी पावडर साठली होती, ती गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून ब्रशने साफ केली, व्हॅसलिन लावलं, पण सेल्फ मारला की नुसतं कट्‌ कट्‌.

आता नवीन घ्यायचीय. दुकानदार मेंटेनन्स फ्री घ्या म्हणतोय, पण तिला चार्जिंग व्होल्टेज जरा जास्त लागतं आणि माझा कटआऊट (डायनॅमोचं चार्जिंग कंट्रोल करणारा डबा) जुना, म्हणून मला डिस्टिल्ड वॉटरवालीच बरी वाटते. कोणी डायनॅमोच्या गाडीला मेंटेनन्स फ्री वापरलीय का, किती वर्षं टिकली? आणि गाडी उभी असताना नुसता बॅटरी तोडणारा कटऑफ स्विच पुरेल की ट्रिकल चार्जरपण (हळूहळू चार्ज करत राहणारा) लावून ठेवू? डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवा असं प्लीज सांगू नका, बाबांना गाडी आहे तशीच ठेवायचीय आणि मलाही.